गरम न राहणारा फ्रीज

"आमचा फ्रीज गरम राहत नाही," अशी तक्रार घेऊन तुम्ही लाईट ऑफिसात गेलात, तर समोरचा माणूस आधी तुमच्याकडे बघतो, मग तुमच्या कडेवरच्या पोरीकडे बघतो आणि मग अगदी हळू आवाजात "घरी मोठं कुणी आहे का?" असं विचारतो. मी स्वतः जाऊन आले आहे, म्हणून सांगते. पण तिथवर जायची पाळी का आली, ते आधी सांगायला हवं. नाहीतर तुम्हीही तसंच विचाराल.

झालं असं की आमच्या समोरच्या लंकामावशी एके दिवशी सकाळीच पाटी घेऊन दारात उभ्या राहिल्या. पाटीत भुसा, भुशावर जुनं धडपं, आणि धडप्याखाली अकरा अंडी.

"मोनिका, हात लाव गं. अजून ऊन हायत ना?"

"आहेत. कोंबडी कुठंय?"

"मुंगसानं नेली. वळचणीला पिसं तेवढी ऱ्हायली."

ती लाल कोंबडी म्हणजे साधीसुधी कोंबडी नव्हती. मावशींची सून पंकजा हिनं माहेराहून पिल्लू म्हणून ओच्यात घालून आणलेली, हातानं कण्या चारून वाढवलेली. दिवाळी झाली आणि मावशींचा मुलगा बजरंग आणि पंकजा श्रीगोंद्याकडे ऊसतोडीला गेले. ट्रॅक्टरमध्ये चढताना पंकजानं सासूला दोनच गोष्टी सांगितल्या होत्या: गुडघ्याला तेल लावत जा, आणि माझ्या कोंबडीला सांभाळा. गुडघ्याचं मावशींनी काही मनावर घेतलं नाही. कोंबडीला मात्र जीवापाड जपलं, माघात ती खुडूक बसली तेव्हा तिच्याखाली तिचीच अंडी मांडली, आणि आता हे.

"पंकजाला सांगितलं?"

"कसं सांगू? रोज सांजच्याला फोन करती ती. 'आत्याबाई, कोंबडी बसलीया का?' म्हनती. मी म्हनते, बसलीया. आजबी तेच म्हनीन." मावशींनी धडपं सारखं केलं. "ही अंडी जगली तर सांगायला तोंड तरी ऱ्हाईल."

आमच्या सासूबाई, म्हणजे गोजरबाई, मी त्यांना आई म्हणते, त्यांच्या कोंबड्यांपैकी एकीलाही तेव्हा आई व्हायची इच्छा नव्हती. आळीत दुसरी खुडूक कोंबडी नव्हती. मी एक अंडं उचललं, ओसरीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात नेलं आणि मोबाईलचा टॉर्च खालून लावला. आत लाल बारीक शिरांचं जाळं होतं आणि मधोमध एक काळा ठिपका हलत होता. माझ्या सोनोग्राफीत सृष्टीसुद्धा पहिल्यांदा एवढीच दिसली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "हे बघा, हे हलतंय ते," आणि मला काही न दिसताही मी रडले होते.

त्यामुळे पुढचं वाक्य माझ्या तोंडून निघालं त्यात माझा दोष नाही. मी म्हणाले, "मावशी, मी उबवून देते."

आता माझी योग्यता सांगते. मी इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा केला आहे आणि सृष्टी पोटात येईपर्यंत नगरच्या एमआयडीसीत पॅनेल बनवणाऱ्या एका कारखान्यात कामाला होते. इतरांना निरोपसमारंभात भिंतीवरचं घड्याळ देतात. मला काय हवं ते विचारलं, तेव्हा मी एक टेम्परेचर कंट्रोलर मागून घेतला. तो इतके दिवस ट्रंकेत माझ्या शालूच्या घडीत होता. गावात माझ्या शिक्षणाविषयी एकूण मत असं की हिला टीव्हीचा रिमोट दुरुस्त करता येतो. तेव्हा ही संधी होती. मावशींसाठीच होती, पण थोडी माझ्यासाठीही होती, खोटं कशाला बोलू?

उबवणीच्या पेटीसाठी आमच्या ओसरीतला मेलेला फ्रीज मी निवडला. मेल्यापासून तो आईंचं कपाट होता. वरच्या खणात पापड-कुरडया, मधल्यात आहेरात आलेले ब्लाउजपीस, खाली गोधड्या. तो रिकामा करायचा म्हटल्यावर आईंचा चेहरा असा झाला की जणू मी त्यांच्या माहेरच्यांबद्दल काही बोलले. पण मावशींकडे बघून त्या काही बोलल्या नाहीत. फक्त प्रत्येक ब्लाउजपीस बाहेर काढताना तो कुणी दिला होता आणि किती हलका दिला होता हे सांगत गेल्या.

आमचे हे, म्हणजे रविराज, शेवगावला औषधांच्या दुकानात असतात, शेतीच्या औषधांच्या. त्यांनी जाण्याआधी दोन बल्ब, एक छोटा पंखा आणि पाण्याची परात आत बसवून दिली. फ्रीजच्या लोखंडी जाळीवर भुसा, भुशावर अंडी. अंड्यांशेजारी मी थर्मोकपल ठेवलं. थर्मोकपल म्हणजे दोन वेगवेगळ्या धातूंच्या तारा टोकाला जोडलेल्या असतात. टोक तापलं की त्यांच्यात अगदी चिमुकलं व्होल्टेज तयार होतं, तांदळाच्या दाण्याचा कण म्हणा. कंट्रोलर ते मोजतो, त्यावरून तापमान दाखवतो आणि बल्ब आपोआप चालू-बंद करतो. साडेसदतीसला ठेवायचं, बास. मी बटण दाबलं. मावशी, आई आणि सासरे, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, असे तिघं मागे उभे होते. सृष्टी आईंच्या कडेवर होती.

आकडा आला छत्तीस. मग एकोणपन्नास. मग बारा. मग उणे चार.

"उणे म्हंजे?" अण्णांनी विचारलं.

"बर्फ," मी म्हणाले.

"फ्रीजच हाय शेवटी," अण्णा समजुतीच्या सुरात म्हणाले.

मी तारा घट्ट केल्या, उलट्या लावून बघितल्या, परत सुलट्या लावल्या. आकडा झोपाळ्यावर बसल्यासारखा वर-खाली होत राहिला. मधल्या मधे खात्रीसाठी सृष्टीचा तापाचा थर्मामीटर आत ठेवला, तर तो एकदा चढला की उतरायला तयार नाही, आणि बल्ब चालू-बंद करणं त्याच्या हातात नाही. शेवटी मी घामाघूम होऊन बाजूला झाले, आणि आई पुढे झाल्या. "बघू तरी काय करतंय ते," असं म्हणून त्यांनी फ्रीजच्या दाराच्या कडीवर हात ठेवला.

आकडा थांबला. छत्तीस पूर्णांक आठ.

आईंनी हात काढला. त्रेपन्न. हात ठेवला. छत्तीस पूर्णांक नऊ.

मी धावत जाऊन टेस्टर लावून पाहिला. दिवा लागला नाही तेव्हा जीव भांड्यात पडला. शॉक बसण्यासारखं काही नव्हतं. मग मी स्वतः हात ठेवला. काही फरक नाही! आकडा माझ्या हाताखाली मजेत नाचत होता.

कारण मला पुढच्या मिनिटाला कळलं, पण तेवढ्या मिनिटात बातमी आळीभर गेली होती. कारण असं, की आई अनवाणी होत्या आणि मी नव्हते. बाळंतिणीनं पाय गार पडू द्यायचे नाहीत, हा आमच्या घरचा कायदा. लेक चालायला लागेपर्यंत बाई बाळंतीणच. म्हणून मी घरातही पायमोजे, त्यावर रबरी स्लिपर आणि कानाला रुमाल अशी वावरते. आई मात्र सारवलेल्या जमिनीवर उघड्या पायांनी उभ्या होत्या. त्यांच्या अंगातून फ्रीजला जमीन मिळत होती, माझ्यातून मिळत नव्हती.

व्होल्टेज म्हणजे कधीही दोन ठिकाणांमधला फरक. थर्मोकपलच्या दोन तारांना त्यांच्यातला फरक पक्का माहीत असतो. पण त्या दोघी मिळून कशाच्या मानानं कुठे आहेत, हे कुणी ठरवून दिलेलं नसतं. त्या अधांतरी असतात. आसपासच्या बल्बची, पंख्याची वीज त्यांना हेलकावे देते आणि मोजणाऱ्याला वाटतं की तापमानच हेलकावतंय. त्यांना कुठेतरी टेकवायला हवं. म्हणजे अर्थिंग हवं, जमिनीत गेलेली तार.

हे सगळं मी ओसरीत जमलेल्या बायकांना नीट समजावून सांगितलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि एक जण म्हणाली, "काय का असंना, गोजरबाईच्या हाताला गुन हाय."

"बाळंतपनं केलीत तिनं. हात वळखतो," दुसरी म्हणाली.

त्या दिवशी आई फ्रीजशेजारी पाट टाकून बसल्या. एक हात कडीवर, दुसऱ्या हातानं वाटाणे सोलणं. भेटायला बाया येत होत्या. चहा मी करत होते. आईंना चहा प्यायचा असला की दोन हात लागत, मग तेवढ्यापुरती मी एका पायातला मोजा आणि स्लिपर गुपचूप काढून कडी धरायची. पण बघणाऱ्यांना वाटे, सून हाताखाली तयार होतीया.

हे काही कायमचं चालणार नव्हतं. आईंना धारा काढायला जावं लागे आणि कडी धरून झोपताही येत नव्हतं. तोवर बल्ब हातानं चालू-बंद करून मी कसंबसं निभावलं. वायरमन बिभीषणला बोलावलं.

बिभीषण आला, त्यानं बोर्डाकडे बघितलं, हसला. "वहिनी, तीन पिनचं तिसरं भोक गावात कुनाचंच जोडलेलं नसतंय. ते शोभेचं असतंय."

"मग जोड."

"जोडतो की. न्यूट्रलची तार घेतो आनि तिसऱ्या भोकात घालतो. अर्थिंग म्हंजे न्यूट्रलच."

"अजिबात नाही! उद्या पोलावर करंट परत नेणारी ही न्यूट्रल तुटली तर फ्रीजच्या अंगात करंट येईल."

"तुटत न्हाई."

"मागच्या वळवात तुटली होती ना? तूच जोडलीस."

"जोडली ना? मग?" असं म्हणून तो माझ्याकडे अशा नजरेनं बघत राहिला, की आता वादाला काही शिल्लकच राहिलं नाही. शेवटी तिसऱ्या भोकाला एक तार लावून, ती मीटरच्या बोर्डापर्यंत नेऊन, "पुढचं लाईट ऑफिसवाले बघतील," असं म्हणून तो गेला.

(मधे सृष्टी उठली होती. आता पुन्हा निजली आहे. कुठे होते मी? हं, लाईट ऑफिस.)

"तक्रार?" खिडकीतल्या साहेबांनी विचारलं.

"अर्थिंग नाही. फ्रीजचं तापमान स्थिर राहत नाही."

"थंड होत नाही?"

"थंड नकोय. गरम हवाय."

त्यांनी पेन खाली ठेवलं. घरच्या मोठ्या माणसांची चौकशी झाली ती इथेच. मी सावकाश सांगितलं की फ्रीज बंदच आहे, आत अंडी आहेत, ती उबवायची आहेत.

"मॅडम, बंद वस्तूची तक्रार घेता येत नाही. आणि मीटरच्या अलीकडचं आमचं, पलीकडचं तुमचं."

"पण साहेब, जमीन तर दोन्हीकडे एकच आहे ना?"

"जमिनीचं काम तलाठ्याकडं," ते म्हणाले आणि "पुढचे कोण?" अशी हाक दिली. सृष्टीनं तेवढ्यात खिडकीची जाळी चावायचा प्रयत्न केला, तोच आमच्या बाजूनं काय तो निषेध.

घरी आले तर अंगणात आमचे चुलत सासरे काकासाहेब उभे होते. मी त्यांना नाना म्हणते. नाना साखर कारखान्यातून निवृत्त झाले आहेत. कारखान्यात ते नेमके कोणत्या खात्यात होते हे कुणालाच माहीत नाही, त्यामुळे त्यांना सगळ्याच खात्यांतलं कळतं. "सूनबाई, लाईट ऑफिस कशाला? माझ्या बोअरचा केसिंग पाईप पाताळापत्तूर गेलाय. त्याच्यापेक्षा मोठं अर्थिंग शेवगाव तालुक्यात न्हाई." आणि मी हो-नाही म्हणायच्या आत त्यांनी बोअरच्या पाईपला तार बांधून ती कुंपणावरून, आमच्या पेरूच्या झाडावरून ओसरीत आणलीसुद्धा. कंट्रोलरच्या एका स्क्रूला ती मीच जोडली. दारात आलेल्या पाहुण्याला पाणी विचारावं तसं झालं ते, नाही म्हणताच आलं नाही.

हे अण्णांना लागलं. आपल्या घरच्या फ्रीजला भावकीतलं अर्थिंग? त्यांनी कुदळ घेतली, गोठ्यामागे कमरेएवढा खड्डा घेतला, त्यात मीठ, कोळसा आणि नळीचा तुकडा घालून, वरून घागरभर पाणी ओतून, आपली तार आणून फ्रीजच्या अंगाला बांधली. मग रोज आंघोळीनंतर ते तांब्याभर पाणी त्या खड्ड्यात ओतायला लागले. लांबून बघणाऱ्याला वाटावं, नवीन देव मांडलाय.

आता आमच्या फ्रीजला तीन जमिनी होत्या. बिभीषणची बोर्डावरची, नानांची पाताळातली आणि अण्णांची गोठ्यामागची. सकाळी बटण दाबलं तर आकडा चक्क साडेसदतीसवर थांबला. नाना म्हणाले, "बोअर." अण्णा म्हणाले, "खड्डा." मी दोघांनाही नमस्कार केला. आईंना तेवढं वाईट वाटलं, कारण कडीला हात लावला काय आणि न लावला काय, आकड्याला आता काहीच वाटत नव्हतं. त्यांनी दोन-तीनदा हात लावून बघितला, मग पदराला पुसला आणि वाटाणे उचलून आत गेल्या.

दुपारी सृष्टीला पाजता पाजता माझा डोळा लागला. कशानं जाग आली सांगता येत नाही. पण फ्रीजच्या दाराच्या फटीतून येणारा बल्बचा उजेड नव्हता. ओसरीत लंकामावशी बसल्या होत्या, नेहमीसारख्या, भिंतीला टेकून. त्या रोज यायच्या, काही विचारायच्या नाहीत, नुसत्या बसायच्या.

कंट्रोलरवर आकडा होता एकसष्ट. म्हणून त्यानं इमानानं बल्ब बंद ठेवले होते. मी दार उघडून अंडं हातात घेतलं. ते गार पडत आलं होतं.

"मला थंड लागतंया," मावशी म्हणाल्या. "पन म्हनलं, मला काय कळतंय, माझेच हात गार हायत. आनि मिशिनीवर तर लई आकडा दिसतुया. तुला उठवावं का न्हाई... लेकराची आई, कवाधरनं झोपली न्हाईस."

आई आतून आल्या, खाली बसल्या, नऊवारीचा ओचा पसरला आणि म्हणाल्या, "आन हिकडं." अंडी एकेक करून ओच्यात गेली, वरून गोधडी. दुसऱ्या बाजूला मावशी सरकून बसल्या. दोघी म्हाताऱ्या एका गोधडीत, मधे अकरा अंडी. मी टॉर्च लावून एकेक बघत होते. दोनांत काही हललं नाही. बाकीच्यांतलं हलत होतं, पण सावकाश. मावशींनी त्या दोनांबद्दल विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. संध्याकाळी पंकजाचा फोन आला तेव्हा त्यांनी तिथूनच उत्तर दिलं, "व्हय गं, बसलीया. आत्ताच बघितली."

पुढचे दोन दिवस अंडी आई आणि मावशी यांच्या पाळीनं उबली. तेवढ्यात मला इतकं कळलं होतं की आकडा भडकतो तो नानांची मोटर सुरू झाली की. शेतीची लाईट आली, मोटर लागली, की साठ. मोटर बंद, की सदतीस. नानांना हे सांगायला गेले तर ते म्हणाले, "म्हंजे बघ, किती ताकद हाय बोअरमदी." अण्णांचं म्हणणं पडलं की खड्ड्यात मीठ कमी आहे. बिभीषणनं फोनवर चौथी तार सुचवली.

उत्तर मला अंगणवाडीत मिळालं. सृष्टीचं वजन करायचा दिवस होता. वरच्या खिळ्याला काटा टांगलेला, काट्याला झोळी, झोळीत आमची बाई. ती पाय झाडत होती, काटा नाचत होता. आईंनी पाय धरला. मदतनीसबाईंनी कोपर धरलं. एका भल्या बाईनं झोळीचं बूड तोललं. सृष्टी शांत झाली, काटा शांत झाला आणि वजन मागच्या महिन्यापेक्षा दोन किलोनं कमी आलं.

"आजी, सोडा बरं सगळ्यांनी," अंगणवाडीच्या पूजाताई ओरडल्या. "तुमी समदी धरल्यावर मी काय पोरीचं वजन लिहू का तुमच्या हातांचं? वरचा खिळा धरतोय तिला, तेवढा पुरे!"

मी झोळीतून सृष्टीला काढलं आणि तशीच घराकडे सुटले. वजन लिहायचंच राहिलं.

फ्रीजला आपण टेकवायला गेलो, पण तीन ठिकाणी टेकवलं. नानांची जमीन आणि अण्णांची जमीन दिसायला एकच, पण मोटर चालू झाली की दोन्हींत थोडासा फरक पडतो. थर्मोकपलचं टोक लोखंडी जाळीला टेकलेलं होतं, जाळी फ्रीजला, फ्रीज अण्णांच्या खड्ड्याला. आणि दुसरीकडून कंट्रोलरला नानांचा बोअर. म्हणजे दोन जमिनींमधला जो काही हिशेब होता, तो माझ्या त्या चिमुकल्या तारेतून फिरत होता, आणि कंट्रोलर बिचारा त्यालाच अंड्यांचा ताप समजत होता. खिळा एकच हवा. आणि टोक कशालाही शिवता कामा नये, नाहीतर मागच्या दारानं दुसरा खिळा ठोकला जातो.

टोकाला झाकायला काहीतरी विजेला न जुमानणारं, उष्णतेला सोसणारं, पातळसं हवं होतं. मी घरभर शोधलं. मग ओट्यावर सृष्टीच्या दुधाच्या बाटलीचं निपल उपडं वाळत पडलेलं दिसलं. थर्मोकपल निपलात घातलं, वर दोरा गुंडाळला, आणि ते भुशाच्या मधोमध, अंड्यांच्या जागी ठेवलं. सृष्टीनं स्वतःची वस्तू ओळखली आणि फ्रीजकडे हात करून असा हंबरडा फोडला, की नाना कुंपणापलीकडून विचारायला लागले, "करंट बसला का काय?"

मग राहिला अवघड भाग. तीनपैकी दोन तारा काढायच्या होत्या. कुणाची काढायची? अण्णांची काढली तर घरात राहायचं कसं? नानांची काढली तर बोअरचं पाणी, पेरूची फांदी आणि पुढच्या पाच पिढ्यांचं बोलणं. बिभीषणची काढली तर दिवाळीपर्यंत बल्बसुद्धा बदलायला कुणी येणार नाही. मी फ्रीज भिंतीपासून जरा ओढला, मागे बसले आणि पकडीनं काम केलं. फ्रीजचं अंग आणि कंट्रोलर, दोन्ही एकाच तारेवर. उरलेल्या दोघींची टोकं चिकटपट्टीनं गुंडाळून फ्रीजच्या पाठीवर छान बसवून टाकली. समोरून बघितलं तर तिन्ही तारा भिंतीवरून येऊन फ्रीजमागे जातात. त्यातली कुठली खरोखर पोचते, ते मी इथेही लिहीत नाही. नाना वाचतात.

मोटर सुरू झाली. आम्ही चौघं आकड्याकडे बघत होतो. साडेसदतीस. मोटर बंद झाली. साडेसदतीस. नाना कुंपणावरून म्हणाले, "बोअर." अण्णा तांब्या घेऊन गोठ्यामागे गेले. आईंनी ओच्यातलं पहिलं अंडं माझ्या हातात देताना एवढंच म्हटलं, "आता झोपू नगंस," आणि मग जरा थांबून, "न्हाईतर झोप. मी बसते हितं."

पहिलं अंडं उकललं ते भर दुपारी. आधी आतून बारीक टकटक, मग टवक्याएवढं भोक, त्यातून चोचीचं टोक. मावशी इतक्या जवळ वाकल्या होत्या की फ्रीजच्या दाराच्या काचेवर, म्हणजे आत बघता यावं म्हणून मागाहून दार कापून बसवलेल्या फोटोफ्रेमच्या काचेवर, त्यांच्या श्वासानं वाफ धरत होती आणि त्या पदरानं पुसत होत्या. ओलं, केविलवाणं, माखलेलं पिल्लू बाहेर पडलं आणि निपलाला टेकून लवंडलं. मग दुसरं. मग लागोपाठ. दोन अंडी शेवटपर्यंत गप्प राहिली. मावशींनी ती उचलली, एकदा कानाला लावली आणि बाजूला ठेवली. "असू दे," मला म्हणाल्या. मी काही बोलले नव्हते तरी.

सांजेला पिल्लं वाळून कापसासारखी झाली होती आणि पाटीत एकावर एक चढून ओरडत होती. तेवढ्यात फोन वाजला. मावशींना नीट ऐकू येत नाही, म्हणून मी तो स्पीकरवर केला. पलीकडे ऊस भरणाऱ्या गाडीची घरघर होती, कुणीतरी मोळ्या मोजत ओरडत होतं.

"आत्याबाई, आज उठली का कोंबडी?"

मावशींनी पाटी जवळ ओढली. मी त्यांच्याकडे बघितलं आणि मग दुसरीकडे बघितलं.

"पंकजा," त्या म्हणाल्या, "कोंबडी न्हाई गं ऱ्हायली. मुंगसानं नेली. तवाच नेली. मी खोटं बोलत हुते तुला."

पलीकडची घरघर तेवढी ऐकू येत होती. ती लांब गेली. बहुतेक पंकजा गाडीपासून बाजूला चालत गेली असावी.

"आनि अंडी?" तिनं विचारलं. आवाज अगदी बारीक होता.

मावशींनी फोन सरळ पाटीत धरला, पिल्लांच्या मधोमध. एकानं त्याला चोच मारून बघितली. बाकीच्यांनी जो काही गलका केला, तो तिकडे उसाच्या फडात चांगलाच पोचला असणार, कारण पंकजा हसली. मग नाक ओढल्यासारखं काहीतरी ऐकू आलं.

"आत्याबाई, फोन ठेवू नका."

"न्हाई ठेवत."

"तसाच धरा जरा."

तसाच धरायचा होता, म्हणून तसाच धरला. मावशींचा हात भरून आला तेव्हा मी फोन धरला, आणि सृष्टी कडेवरून घसरायला लागली तेव्हा आईंनी.